कुंदा आत्याची दहावी

तिशीही न ओलांडलेल्या बाईने आठवणी लिहायला बसू नये, असं आमच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठांनी मला ऐकवलं. आधी काहीतरी करून दाखव, मग लिही म्हणाले. त्यांचं वय सत्तरीचं आहे आणि छाती ठणठणीत आहे, म्हणून त्यांना असं सुचतं. आमच्या बिडी वळणाऱ्यांच्या मोहल्ल्यात साठीपर्यंत थांबलं तर लिहायला माणूस उरत नाही, तंबाखू त्याच्या आधी येऊन बसलेली असते. तेव्हा मी आत्ताच लिहिते. आजवर मी फक्त पत्रकं लिहिली. पत्रकात एका कागदावर सगळं बसवावं लागतं: काय झालं, कोणी केलं, आम्हाला काय पाहिजे. कुंदा आत्याची दहावी त्यात बसवायचा प्रयत्न मी केला आहे. बसत नाही. कोणी केलं, इथेच गाडी अडते, कारण ज्यांनी केलं ते सगळे त्या दिवशी टाळ्या वाजवत होते.

आमचं गाव गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या पल्याड, धानाच्या बांध्यांमध्ये. वैमानिक व्हायला आलेली पोरं दिवसभर आमच्या डोक्यावर गिरक्या घेत शिकत असतात. शिकण्याचा सगळ्यात मोठा आवाज आमच्याच गावात आहे, आणि तो आमचा नाही. खाली आमच्या अंगणात दुपारच्या वेळी बायका बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात एका बाजूला रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता, दुसऱ्या बाजूला जर्द्याची ढिगोळी. कैचीने पान कापलं जायचं, चिमूटभर जर्दा त्यावर पसरायचा, अंगठा आणि दोन बोटं फिरली की बिडी, मग टोक दुमडून दोरा. हे सगळं न बघता. डोळे आणि कान मोकळे. बोलायला तोंडही मोकळं, पण बोलून बोलून किती बोलणार? नवरे, सासवा, ठेकेदाराने छाटून फेकलेला माल, एवढ्यात दुपार संपत नाही.

म्हणून वाचन. ते कोणी सुरू केलं हे मला सांगता येत नाही, मी शाळेत जायला लागले तेव्हा ते होतंच. आधी मोहल्ल्यातली दुसरी मुलगी वाचायची, तिचं लग्न झाल्यावर मी. नियम साधा होता. वाचणारीने बिडीला हात लावायचा नाही, आणि तिच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या. कोणी उपकार म्हणून नाही करायचं, तो कामाचाच भाग होता, जसं पानाला पाणी मारणं. माझ्या माईने कधी मला "अभ्यास कर" म्हटलेलं आठवत नाही. ती म्हणायची, "बस, वाच, बाया येऊन राहिल्या." घसा बसला तर गुळाचा खडा मिळायचा. विमान डोक्यावर आलं की मला थांबावं लागायचं, आणि शेजारची देवकाबाई हमखास म्हणायची, "थांब वो पोरी, पाहुने जाऊन राहिले वरून." देवकाबाईला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असायचं. पुस्तकात राजा मेला की ती "बरं झालं" म्हणायची, मग तो कोणता का असेना.

घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेचीच. त्यामुळे वाचायची तीच. मी सहावीत गेले तेव्हा अंगण सहावीत गेलं. मी सातवीत, अंगण सातवीत. पचनसंस्था, मौर्य साम्राज्य, नागरिकशास्त्रातली ग्रामसभा, इंग्रजीचे धडे माझ्या फाटक्या उच्चारात आणि खाली दिलेल्या शब्दार्थांसकट. संध्याकाळी बाबा गोंदियाच्या राईस मिलमधून कोंड्याने माखून यायचे, सायकल भिंतीला लावायचे आणि विचारायचे, "आज काय झालं?" माय चुलीवर लाखोळीची डाळ ढवळत सांगायची, "आज पृथ्वी फिरली." उकड्या तांदळाचा भात, ती डाळ, बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, झिंगे मिळाले तर त्यांची चटणी, आणि जेवताना पृथ्वी कशी फिरली याची चर्चा. मला तेव्हा वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. नंतर वसतिगृहात कळलं की मास्तरांच्या मुलींच्या घरीसुद्धा असं नसतं.

या सगळ्यांत खरी विद्यार्थिनी एकच, कुंदा आत्या. बाबांची धाकटी बहीण. पाचवी पास झाल्यावर तिला शाळेतून काढलं होतं, पुढे लग्न लावलं, नवऱ्याने दुसरी आणली, आणि ती एक पेटी घेऊन परत आली. घरात तिच्याबद्दल कोणी वाईट बोलत नव्हतं, पण चांगलंही काही बोलण्यासारखं उरलं नाही अशा सुरात बोलत. ती मोजकं बोलायची. फक्त वाचन चालू झालं की तिचा चेहरा बदलायचा. "थांब. मांगचं परत वाच." ती मला पुढे जाऊच द्यायची नाही. न कळलेलं सोडून देणं तिला जमत नसे. कालचं आज विचारायची, मागच्या महिन्यातलं मध्येच काढायची. धडा संपला की तो आपल्या शब्दांत देवकाबाईला सांगायची, आणि देवकाबाईला कळला नाही तर आपल्यालाच कळला नाही असं समजून पुन्हा माझ्याकडे यायची. "मंग आपल्या बोडीतलं पानी उन्हाळ्यात जाते कुठी? तुह्या पुस्तकात वाफ होते म्हनते. जमिनीत काऊन नाही जात?" मी दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारायची. सर म्हणायचे, अभ्यासक्रमात नाही.

आज मी "सतत शिकत राहण्याच्या सवयी" अशा नावाची पुस्तकं बसस्थानकावर रचून ठेवलेली पाहते. उलटून पाहते, कारण शत्रूचं साहित्य वाचावं असं आम्हाला शिकवलेलं आहे. रोज ठरलेल्या वेळी शिका. शिकलेलं दुसऱ्याला सांगा. प्रश्न विचारा. जुनं पुन्हा पाहा. त्यातली एकही सवय अशी नाही की जी कुंदा आत्याला नव्हती. पुस्तकं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती अर्धीच छापलेली आहेत, एवढंच म्हणते.

मी दहावीत गेले त्या वर्षी गावात आशा वर्करची जागा निघणार असं कानावर आलं. जुनी आशाताई लेकाकडे चालली होती. गावातलीच बाई पाहिजे, लग्न झालेली, सोडलेली, विधवा, कोणीही चालेल, पण दहावी पास. आत्याने हे ऐकलं. तिसऱ्या दिवशी वाचन चालू असताना हातातली बिडी बांधता बांधताच म्हणाली, "मी बसतो दहावीले."

देवकाबाई हसली. "कोनाच्या मांडीवर बसते वो?"

"माह्या सोताच्या," आत्या म्हणाली. "आजपरेंत तं बसतोच ना अंगनात. तेच पेपरात लिवाचं आहे."

माय म्हणाली, "वय पाहाय का तुह्यावालं."

"वयनी, आशाच्या कामाले वय चालते. छातीले चालत नाही हे." आणि तिने सुपाकडे बोट केलं. तिला जर्द्याचा खोकला तेव्हाच लागलेला होता. तिला अंगणातून बाहेर पडायचं होतं. खांद्यावर पिशवी अडकवून, घरोघर जाऊन, लोकांनी "ताई" म्हणावं असं काहीतरी. यापेक्षा मोठी तिची मागणी नव्हती. मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे गावात "कुंदीला साहेबीण व्हायचं होतं" असं फिरवण्यात आलं.

बाबा तिला घेऊन मोठ्या गावातल्या हायस्कुलात गेले, मीही होते. सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून बसणाऱ्यांचा. तिथले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. आत्या बसली नाही. त्यांनी समजावलं की खाजगी विद्यार्थी म्हणजे स्वयंअध्ययन, शाळा फॉर्म भरून घेणार, हॉल तिकीट देणार, शिकवणार नाही. बाबांनी विचारलं, "काही शंका-गिंका आली तं?" ते म्हणाले, "स्वयंअध्ययनात शंका स्वतःच सोडवायच्या असतात." आत्याला तो शब्द फार आवडला. परतताना सायकलच्या कॅरिअरवरून ती तो दोन-तीनदा म्हणून पाहत होती. अंगणात येऊन तिने जाहीर केलं, "मी स्वयंअध्ययन करून राहिली." देवकाबाई लगेच म्हणाली, "मंग आमी कोन वो? आमीबी तं आयकून राहिलो. आमी का परअध्ययन करून राहिलो?"

त्या हिवाळ्यासारखा हिवाळा मला पुन्हा मिळाला नाही. मी पुस्तक धरून प्रश्न विचारायची आणि आत्या उत्तर द्यायची, बिडी वळता वळता. न अडखळता. इतिहासाची कारणं आणि परिणाम, भूगोलातली ब्राझीलची नदी, विज्ञानातले नियम. इंग्रजीचं पत्रसुद्धा तोंडपाठ, "युवर्स फेथफुली" इथपर्यंत. गणितासाठी ती सुपातल्या बिड्या मांडायची आणि बरोबर उत्तर काढायची. मी चुकले तर ती मला पकडायची. बायकांनी माझ्या वाट्याच्या बिड्या वळल्या होत्या, आता तिच्याही थोड्या वळायला लागल्या, आणि ती "नोका वो, मी करतो ना, तोंडच तं लागते अभ्यासाले" म्हणून आपलं सूप ओढून घ्यायची.

तोंडच तर लागतं. या एका वाक्यावर आम्ही सगळे त्या हिवाळ्यात चाललो. मी, माय, बाबा, देवकाबाई, आणि ते खुर्ची देणारे गृहस्थही. आमच्या अंगणातलं शिकणं कानाने आत जायचं आणि तोंडाने बाहेर यायचं. हात नेहमी दुसऱ्याचे, ठेकेदाराचे. आमची ती रीत इतकी जुनी होती की तिच्यात एक भोक आहे हे कोणाच्या मनात आलं नाही. आत्याने पाचवीनंतर सही आणि किराण्याची चिठ्ठी यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. बाहेरून बसणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक तास जरी कोणी मास्तर नेमला असता, तर त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, बाई, सूप ठेवा आणि पेन धरा. तेवढंच सांगणारं माणूस पाहिजे होतं. सरकारने त्याच्या जागी एक शब्द दिला, स्वयंअध्ययन.

शब्द कमी पडला म्हणून वरून एक शिबिरही दिलं. परीक्षेच्या आधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये "स्वतःला घडवा" असा फलक लागला. गोंदियाहून एक सर आले. निळा कोट, कानाला लावायचा माइक, अर्धं मराठी अर्धं हिंदी. "सक्सेस का एकच सीक्रेट आहे, हॅबिट! पहाटे चारला उठा. जो सोया वो खोया. अपयशाचं कारण बाहेर शोधू नका, आरशात शोधा." आम्हाला रंगीत पुस्तिका वाटल्या, शेवटच्या पानावर सरांचा फोटो होता. मग त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका?

आत्या उठली. तिला शंका विचारायची सवय होती ना. "सर, तुमी चारले उठाले सांगता. मी तं तीनलेच उठतो, पान कापाचं राहते. मंग मी चारपरेंत झोपू का?"

हॉलभर हशा पिकला. देवकाबाईने पदर तोंडात कोंबला. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. म्हणाले, "बहनजी, हीच निगेटिव्हिटी आहे. वेळ सगळ्यांकडे सारखाच असतो. यूज करना आना चाहिए." आत्या खाली बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "याले काही नाही येत." तेवढ्यात बाहेरून ते नेहमीचं विमान गेलं. मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतं: त्या विमानात शिकणाऱ्याच्या बाजूला शिकवणारा बसलेला असतो, त्याच्याही हातात विमान वळवायचा दांडा असतो. त्या पोराला कोणी आरसा देऊन सांगत नाही की पहाटे उठ आणि स्वतःच उडून पाहा, पडलास तर तुझ्या सवयी वाईट.

पहिला पेपर मराठीचा. तिचं केंद्र आणि माझं केंद्र एकच, वर्ग वेगळे. आत्याने ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं होतं. तांदळाच्या पिठाने हात घासघासून धुतले होते, तरी बोटांचा जर्द्याचा वास जात नव्हता. आम्ही निघालो तेव्हा बायका कामं टाकून फाटकापाशी आल्या, आणि देवकाबाई म्हणाली, "कुंदे, आमचंबी लिवून येजो."

पेपर सोपा गेला. मी वेळेआधी बाहेर आले, चिंचेखाली उभी राहिले. मुलं ओरडत बाहेर पडली, पांगली, शिपायाने फाटक अर्धं लावलं, तेव्हा आत्या आली. चालताना उजवा हात डाव्या हातात धरलेला, लहान लेकराचा धरतात तसा.

"कसा गेला?"

"सोपा होता वो," ती म्हणाली. "सगळा येत होता."

"मग?"

"हात नाही आला."

मला कळलं नाही. तिने घरी जाताना वाटेत थोडं थोडं करून सांगितलं. उत्तर मनात सरसर यायचं, आणि हात मागे. एक ओळ लिहून होईपर्यंत तोंड चार ओळी पुढे गेलेलं. मग मागे काय राहिलं ते आठवायचं, तोवर पुढचं निसटायचं. पेन धरताच येत नव्हतं, बोटं त्याला बिडीसारखी वळायला बघायची, पेन अंगठ्यावर फिरून खाली पडायचं. पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन म्हणाल्या, "मावशी, लवकर लिहा." बाजूची मुलगी पुरवणीवर पुरवणी मागत होती. आत्याचा दुसरा प्रश्न चालू होता आणि घंटा झाली. "मी त्या बाईले म्हनलं," आत्या म्हणाली, "तुमी इचारा ना, मी सांगतो. ते बाई म्हने, असं नसते."

त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा सगळ्यांना ते भोक दिसलं. बाबा वही घेऊन आले, माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून शिवलेली. माईने आत्याचं सूप उचलून आपल्या सुपात रिकामं केलं. पुढच्या पेपरपर्यंत आत्या लिहीत बसली. मनगट सुजलं, त्याला हळदीचा लेप लावला, पुन्हा लिहीत बसली. अक्षर बरं झालं, वेग आला नाही. तो काही दोन-चार दिवसांत येत नाही, तो आम्हा शाळेतल्या पोरांच्या हातात वर्षानुवर्षं भरलेला असतो आणि आम्हाला तो दिसतही नाही. बाबा म्हणाले, "राहू दे कुंदे, पुढच्या साली पाहू." ती म्हणाली, "सगळे देतो." आणि तिने सगळे दिले. एकही पेपर सोडला नाही. प्रत्येक पेपरला तीच चिंच, तोच हातात धरलेला हात.

निकाल सरपंचाच्या मुलाच्या मोबाइलवर पाहिला. मी केंद्रात पहिली. आत्याचं पान उघडलं तर एक गंमत होती. भाषांच्या तोंडी परीक्षेत तिला जवळजवळ सगळे गुण होते. लेखीत नापास, गणित सोडून. गणितात ती काठावर निघाली होती, कारण आकडे लिहायला कमी लागतात. मला तो कागद आजही आमच्या शिक्षणखात्याच्या दारावर चिकटवावासा वाटतो. या बाईला येतं हे तुम्हीच लिहून दिलं आहे आणि त्याच कागदावर तिला येत नाही हेही तुम्हीच लिहून दिलं आहे.

मग सत्कार. फ्लेक्सवर माझा फोटो, त्याच्या वर "स्वयंअध्ययनातून उत्तुंग भरारी", आणि माझ्यापेक्षा मोठे फोटो ज्यांनी फ्लेक्सचा खर्च केला त्यांचे. मला शाल. मंचावर तेच निळ्या कोटातले सर. ते उभे राहिले आणि म्हणाले की हे यश त्या एका शिबिराचं आहे. टाळ्या. इतकं मी गिळलं असतं. पण त्यांना गावातून कोणीतरी आत्याची गोष्ट पुरवलेली होती, आणि ज्याच्या हातात माइक असतो त्याला तुलना केल्याशिवाय चैन पडत नाही. "एक ही घर, एक ही आंगन," ते म्हणाले. "भाचीने सवयी लावून घेतल्या. दुसऱ्या एक बहनजी होत्या, शिबिरात बसून मजाक करत होत्या. आज म्हणतात, हात नाही चालला. हात चालत नाही, मन चालत नाही! बहाणे सोडा!"

लोक हसले. आमच्या बांधावरचे, आमच्या बिड्या ओढणारे लोक. आत्या बायकांच्या रांगेत बसलेली होती. तिने मान खाली घातली नाही, ती सरांकडे पाहतच राहिली, एखादं न कळलेलं वाक्य परत वाचायला सांगायचं असावं तशी.

मी माइक ओढून घेतला. मी म्हणाले की मी काहीही स्वतः शिकलेली नाही. मी वाचत होते तेव्हा माझ्या वाट्याच्या बिड्या या बायका वळत होत्या, आणि माझ्यापेक्षा हुशार बाई समोर बसलेली आहे, आणि या सरांनी तिच्या शंकेचं उत्तर अजून दिलेलं नाही. एवढंच झालं. पुढचं माझ्या ओठावर होतं, पण कोणीतरी डीजेवाल्याला खूण केली आणि गाणं लागलं. सरपंच हसत हसत माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले, "बस बेटा, भावनेच्या भरात होते असं." दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पोरगी पहिली आली आणि डोकं फिरलं. माय म्हणाली, "बोलली तं बरं केलं. पन आयकलं कोनं?" मला वाटतं मी संघटनेत गेले ती त्या गाण्याच्या आवाजामुळे. माइक बंद कोण करतो हे आधी पाहावं, बोलणं नंतर, हा माझ्या राजकारणाचा पहिला धडा आहे.

आशाची जागा सरपंचाच्या भावाच्या सुनेला मिळाली. ती बरी मुलगी आहे, कामही नीट करते, तिच्यावर माझा राग नाही. राग ठेवायला माझ्याकडे दुसरी माणसं पुरेशी आहेत.

सत्कारानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी बायका जमल्या. मी अकरावीचं पुस्तक कोणाकडून तरी मागून आणलं होतं, नवं कोरं. उघडलं आणि पहिली ओळ वाचली.

"ठेव ते," आत्या म्हणाली.

"काऊन?"

"काम होऊ दे."

मी देवकाबाईकडे पाहिलं, तिच्याकडे नेहमी काहीतरी असतं. ती सुपात पाहत होती. कैच्यांचा तेवढा आवाज होत राहिला, कच कच कच, पानं कापल्याचा. मी पुस्तक मिटलं. मला एक सूप दिलं, मी बिड्या वळायला बसले आणि माझ्या बिड्या वाकड्या झाल्या, कारण इतकी वर्षं मला कोणी हात लावू दिला नव्हता. अंगण दहावीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. अकरावीत मी एकटी गेले. वसतिगृहाच्या खोलीत मुकाट्याने वाचायला बसले तर एक अक्षर डोक्यात राहीना, "थांब, परत वाच" म्हणणारं कोणी नव्हतं. मी फार मागे पडले. ज्यांनी मला स्वयंअध्ययनाची मूर्ती करून फ्लेक्सवर टांगलं होतं, त्यांना ती बातमी कोणी दिली नाही.

आता मी रविवारी मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात वर्ग घेते. बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा. माझी एकच अट आहे, सूप घरी ठेवून यायचं. येताना बायका कुरकुरतात, दुपार बुडते म्हणतात, आणि बुडते हे खरं आहे. दुपार भरून मिळावी म्हणून आम्ही निवेदनं देतो, तहसीलवर बसतो, अजून मिळालेली नाही. देवकाबाई येते. तिला परीक्षा द्यायची नाही, ती नुसती लिहायला येते आणि लिहिताना शिव्या देते.

आत्या येत नाही. यंदा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी तिच्याकडे गेले. खोकला वाढला आहे, सूप तेच आहे. म्हटलं, "आत्या, तुझा फॉर्म भरून टाकू का?"

"कायले? आशाचं वय तं गेलं माह्यावालं."

"आशासाठी नाही. पास तरी होशील."

"पास तं मी तवाच होती," ती म्हणाली. "तुमाले दिसली नाही."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी वाद घालण्यात तयार झालेली बाई आहे. म्हटलं, तू असं घरात बसून राहावं हेच त्यांना पाहिजे. तुला येतं ते तुझ्यापाशीच राहावं, कागदावर कधी येऊ नये, म्हणजे त्यांचं बरं चालतं. तिने सगळं ऐकून घेतलं. ऐकणं तिला कोणी शिकवायला नको.

"बरोबर बोलून राहिली तू," ती म्हणाली. "पन मले जे येते ते आता माह्यापाशी राहू दे. त्याहिले कायले लिवून दाखवू? एक डाव दाखवाले गेली होती."

मी उठले. उशीर झाला होता, वर्गात बायका येऊन बसल्या असतील. मी फाटकापर्यंत गेले तेव्हा तिने मागून हाक मारली. तिच्या बोटांत अर्धी वळलेली बिडी होती आणि ती तिने खाली ठेवली.

"त्या बायाहिले सांगजो," आत्या म्हणाली, "नुसतं आयकू नोका म्हना. लिवा."